हिरवं रक्त, काळा चबुतरा

लॉकडाऊनच्या उन्हाळ्यात मी जुन्नरला घरी अडकलो होतो. कॉलेज बंद, एसट्या बंद, आणि रात्री साडेदहानंतर गच्चीवर चार काड्या रेंज. समोर शिवनेरीचा आडवा काळा आकार दिसायचा आणि आमचा स्क्वाड पबजीत उतरायचा. मी, चुलतभाऊ, मंचरचा एक जण आणि आंबेगाव तालुक्याच्या आहुपे खोऱ्यातला एक मित्र. या चौथ्याला नेटवर्कसाठी रोज टॉर्च घेऊन घरामागच्या टेपावर चढावं लागायचं. त्यामुळे तो कधी मध्येच गायब झाला तर आम्ही शिव्या द्यायचो नाही. बिबट्या आला असेल म्हणायचो, आणि हे म्हणताना फार हसायचो नाही. आमच्या दोन्ही तालुक्यांत तो विनोद अर्धाच असतो.

एका रात्री पोचिंकीतल्या एका घरात जिन्याखाली मी एकाला नॉक केलं. ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: नॉक झालेला माणूस लगेच मरत नाही. तो गुडघ्यांवर रांगत राहतो. साथीदार वेळेत पोचला तर त्याला उठवतो, नाहीतर शत्रू आणखी दोन गोळ्या घालून त्याची पेटी करतो. हा रांगत कोपऱ्यात गेला. त्याचा माइक चुकून ‘ऑल’वर राहिला होता. आवाज आला, “भावा, नको ना मारू. पहिल्यांदाच टॉप टेनमध्ये आलोय.” मराठी, तीही आमच्या बाजूची, शेवट ओढून बोलायची. मागे कुणाची तरी आई त्याला ‘झोप आता’ म्हणत होती.

मी दोन गोळ्या घातल्या. “पेटी बघ, पेटी बघ,” चुलतभाऊ ओरडत होता. मी काही सेकंद पेटी उघडलीच नाही.

त्याआधी मी या गेममध्ये हजारो माणसं मारली असतील. एकाचंही काही वाटलं नव्हतं. ह्याचं वाटलं, आणि मूर्खासारखं वाटलं, कारण तो पोरगा दुसऱ्या मिनिटाला नवीन मॅच लावून बसला असणार. त्याचं काहीही गेलं नव्हतं. मग मला टोचत काय होतं? शाळेपासून मला इतिहासाचा नाद आहे, त्यामुळे प्रश्न पडला की मी तो मागे नेतो. आमच्या या डोंगरांत माणसं मारणाऱ्यांना कधी असं टोचलं होतं का? आणि टोचलं असेल तर ते कुठे लिहिलंय?

त्याच वर्षी २ सप्टेंबरला सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी गेलं. जुलै २०२१ मध्ये तेच बीजीएमआय होऊन परत आलं. आता सुरुवातीला एक आवाज सांगतो की हे आभासी जग आहे, खरं नाही. ‘किल’च्या जागी ‘फिनिश’ असा शब्द आला. आणि गोळी लागली की रक्त हिरवं उडतं. मित्रांमध्ये यावर खूप मीम फिरले. मला मात्र हा हिरवा रंग फार जुना वाटतो.

*

जुन्या सोयी बघायच्या तर वीरगळ बघा. आपल्याकडे गावोगाव देवळाच्या बाहेर, पाराखाली, कधी शेताच्या बांधावर हे दगड पडलेले असतात. जुन्नर तालुक्यात निमगिरी किल्ल्याच्या पायथ्याला तर ते रांगेने मांडलेले आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई असते, बऱ्याचदा पळवलेल्या गाईगुरांसाठीची. तिथे आपला वीर लढतो, मरतो. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन जातात. आणखी वर तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला असतो. माथ्यावर कलश, बाजूला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ह्याची कीर्ती.

आता खालच्या चौकटीतल्या बाकीच्या माणसांकडे बघा. शत्रू तिथे असतो, तलवार उगारलेला किंवा आडवा पडलेला. बहुतेकदा तो वीराहून लहान कोरलेला असतो. आणि तो दुसऱ्या चौकटीत कधीच जात नाही. त्याच्या गावात त्याचाही दगड उभा राहिला असेल, आणि त्या दगडात आपला वीर खालच्या पट्टीत लहानसा पडलेला असेल. पण दोन्ही दगड एका पारावर कुणी ठेवत नाही. गेमच्या भाषेत सांगायचं तर शत्रूला दुसरी लेव्हल नाही. तो बॉट आहे.

मला हे कळायला वेळ लागला, कारण शाळेत आम्ही इतिहास खालच्या चौकटीसारखाच वाचला होता. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी मोगलांचं जुन्नर लुटलं. रात्री दोराच्या शिड्या लावून मावळे तटावर चढले, पहारेकरी कापले, ३ लाख होन आणि २०० घोडे घेऊन गेले. हे वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो, आणि तो अभिमानाचाच असतो. पण त्या पहारेकऱ्यांना माझ्या डोक्यात चेहरे नव्हते. जुन्नरच्या बाजारात ज्यांची उधारी असेल, ज्यांची पोरं इथेच जन्मली असतील, अशी माणसं म्हणून मी त्यांना कधी पाहिलंच नाही. ते तटावर उभे होते, कारण कुणीतरी चढून त्यांना मारायचं होतं.

शत्रूला राक्षस करून टाकणं ही आणखी एक सोय. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओने २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा गेम काढला. देखणा आहे, जरूर खेळा. त्यात भावाला सोडवायला निघालेली मुलगी असुरांना मारत जाते आणि आपल्या बोटांना काहीही होत नाही. असुराची आई त्याला झोप म्हणत नसते ना.

तरी आपल्याच कथांमध्ये ही सोय कधीतरी मोडते. कुरुक्षेत्र जिंकल्यावर युधिष्ठिराला कुंती सांगते की कर्ण तुमचा थोरला भाऊ होता. युद्धभर ज्याला मारायची वाट पाहिली तो एका वाक्यात भाऊ होतो, आणि जिंकलेला राजा राज्य नको म्हणून बसतो. त्याची समजूत काढायला पुढे अख्खं शांतिपर्व लागतं. ‘भावा’ हा शब्द पोचिंकीत ऐकला तेव्हा हे आठवलं नव्हतं. नंतर आठवलं, आणि जरा हसूही आलं. आपली लायकी काय, आपण तुलना कुणाशी करतोय.

*

२०२१ च्या हिवाळ्यात आहुप्याचा मित्र पहिल्यांदा आमच्या घरी आला. गच्चीवरून दिसणारा किल्ला त्याला दाखवायचा म्हणून सकाळी चढलो. सात दरवाजे, शिवाई देवी, अंबरखाना, शिवकुंजातली जिजाऊ आणि बाळराजांची मूर्ती, मग जन्मस्थानाची इमारत. पुढे बदामी तलाव आणि टोकाला कडेलोट. कडेलोटाच्या टोकावर नेहमीसारखी सेल्फीची रांग होती. कैद्यांना जिथून खाली ढकलत, तिथे उभं राहून लोक दोन बोटं वर करत होते. मीही कितीतरी वेळा केली आहेत.

परत फिरताना मित्र म्हणाला, “आमच्या लोकांचं राहिलं.” मला कळेना. लहानपणापासून मी हा किल्ला वीसेक वेळा चढलो असेन. तो मला माथ्यावरच्या टेकडीवर घेऊन गेला. तिथे ईदगाह आहे आणि एक चौथरा. चौथऱ्याजवळ त्याने चपला काढल्या. मीही काढल्या, कारण काय ते न कळता.

तो कोळी चौथरा. जुन्या गॅझेटियरमध्ये त्याचं नाव काळा चबुतरा असं येतं. निजामशाही संपून जुन्नर मोगलांकडे आलं, तेव्हा जमिनीची नव्याने मोजणी आणि ठरलेला सारा सुरू झाला. डोंगरातल्या महादेव कोळ्यांना तो मान्य नव्हता. सतराव्या शतकाच्या मध्यात खेमी नाईकाच्या मागे ते उठले. मोगलांनी फौज पाठवली, डोंगरी किल्ल्यांवर शिबंदी वाढवली आणि बंडवाल्यांना रानोमाळ हुडकून मारलं. जे हाती लागले त्यांना जुन्नरला आणून त्यांची डोकी उडवली, त्या डोक्यांची रास केली आणि राशीवर चबुतरा बांधला. किती माणसं होती याचे आकडे लोकांच्या तोंडी वेगवेगळे आहेत. मी त्यातला कोणताच इथे देत नाही.

डोक्यांचा ढीग रचण्याची पद्धत त्या काळी मध्य आशियापासून हिंदुस्थानापर्यंत होती. मारणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर तो हिशेबाचा फलक आहे: बघा, एवढे झाले. त्यात टोचणीचा मागमूस नाही. टोचणी असलेला माणूस लपवतो, हे तर उंचावर रचून दाखवलेलं आहे. गंमत अशी, गंमत म्हणणं बरोबर नाही पण दुसरा शब्द सुचत नाही, की तो फलक ज्यांच्याविरुद्ध लावला होता त्यांनीच जपला. मारणारे गेले, त्यांचं राज्य गेलं, आणि मेलेल्यांची माणसं आज तिथे चपला काढून उभी राहतात.

ही हकिकत कागदावर ज्याने आणली तोही शत्रूच. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश हा कंपनी सरकारचा अधिकारी. १८२० च्या दशकाच्या अखेरीस रामजी भांगरे यांच्या पुढारपणाखाली महादेव कोळी उठले, ते बंड मोडण्याची कामगिरी त्याच्याकडे होती. पुढे उमाजी नाईकांच्या पाठलागावरही तोच होता. उमाजींना ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी दिलं, आणि पुढच्याच वर्षी मॅकिंटॉशचं रामोश्यांवरचं आणि उमाजींच्या आयुष्यावरचं पुस्तक छापून आलं. त्यानंतर त्याने महादेव कोळ्यांवर लिहिलं: त्यांची कुळं, लग्नं, देव, जुनी बंडं, आणि हा चबुतरा. दीडशेहून अधिक वर्षं कोळ्यांच्या तोंडी चालत आलेली गोष्ट त्याने ऐकली आणि उतरवून घेतली.

हे तो का करत होता? सरकारला या लोकांवर राज्य करायचं तर माहिती हवी, हे उघड कारण आहे. पण मोडायला निघालेल्या माणसांच्या आठवणी इतक्या चिकाटीने लिहिताना त्या माणसाच्या आत काहीतरी हललं असेल असं मला वाटतं. पुरावा नाही. मला वाटतं, एवढंच.

*

टोचणी खरोखर लिहून ठेवलेली जागा हवी असेल तर नाणेघाटातून खाली उतरायला हवं. जुन्नरचा माल ज्या वाटेने कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जायचा तीच ही वाट. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात एका दगडाचा तुकडा मिळाला. नाणेघाटाचे आणि जुन्नरच्या लेण्यांचे लेख वाचणाऱ्यांपैकीच हे एक. तुकडा होता अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा. १९५६ मध्ये नवव्याचाही एक तुकडा सापडला. म्हणजे अशोकाचे प्रसिद्ध चौदा लेख ज्या मोजक्या ठिकाणी कोरले गेले त्यात आपलं सोपारा होतं.

त्या चौदातला तेरावा कलिंगाचा. राजा स्वतः आकडे देतो: दीड लाख माणसं हलवली गेली, १ लाख मारली गेली, आणि त्याहून कितीतरी जास्त नंतर मेली. पुढे तो म्हणतो की याचं आपल्याला दुःख आहे. जे वाचले त्यांचेही मित्र, सोयरे, सोबती गेले, आणि तोही घावच आहे. राजाने जिंकल्यावर असं बोलावं हे जगाच्या इतिहासात फार थोड्या वेळा घडलंय. मी पहिल्यांदा पूर्ण भाषांतर वाचलं तेव्हा पोचिंकीतल्या त्या आईचा आवाज आठवला. नातेवाईकांचा हिशेब मांडणारा राजा मी दुसरा वाचलेला नाही.

पण हा लेख शेवटपर्यंत वाचायला हवा, आणि शाळेत तो तसा वाचत नाहीत. त्याच लेखात राजा रानातल्या लोकांकडे वळतो. आपण क्षमा करतो, समजावतो, पण आपल्या पश्चात्तापातही ताकद आहे हे त्यांनी ध्यानात ठेवावं. वागणूक सुधारावी, म्हणजे मारले जाणार नाहीत. कलिंगासाठी दुःख आणि जंगलवाल्यांना ताकीद, एकाच दगडावर. कोळी चौथऱ्याशेजारी अनवाणी उभं राहून आल्यावर ही ओळ मला वेगळीच ऐकू आली.

दुसरी गोष्ट याहून बोचरी. हा तेरावा लेख खुद्द कलिंगात नाही. धौली आणि जौगड इथे चौदातले बाकीचे बरेच लेख आहेत, पण तेरावा गाळलेला आहे आणि त्याजागी कलिंगासाठी वेगळे लेख कोरले आहेत. ज्यांना मारलं त्यांच्या दारात माफीचा तो दगड उभा केला नाही. अभ्यासक याची राजकीय कारणं देतात, ती पटण्यासारखीही आहेत: ताज्या जखमेवर आकडे कशाला कोरायचे? पण मग तो पश्चात्ताप कोणी वाचावा म्हणून होता?

आमच्या घराजवळ याहून गुंतागुंतीचं एक प्रकरण आहे. जुन्नरच्या मनमोडी डोंगरात एक लेख आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम, वत्स गोत्राचा, याने एक पाण्याचं टाकं आणि एक मंडप दान दिला, वर्ष ४६. नहपान म्हणजे सातवाहनांचा कट्टर वैरी. गौतमीपुत्र सातकर्णीने पुढे त्याला हरवलं, हे आपल्याला नाण्यांनी सांगितलं. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली. सगळी नहपानाची, आणि त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. हरलेल्या राजाच्या तोंडावर जिंकलेल्याचा चैत्य. नीट पाहिलं तर खालचं नाक-डोळे अजून दिसतात.

आता नाशिकची लेणी. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. म्हातारी आपल्या मुलाची स्तुती करते आहे, आणि ती स्तुती लांबलचक आहे. त्याने शक, यवन, पल्हवांचा नाश केला. क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष केला. आणि याच यादीत आणखी एक विशेषण आहे: अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घ्यायची ज्याला आवड नव्हती.

निःशेष केलं आणि जीव घ्यायची आवड नव्हती. दोन्ही एका माणसाबद्दल, एका दमात.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी याला सरळ ढोंग म्हटलं होतं. राजांच्या प्रशस्तीत काहीही ठोकून देतात, हेही खरंच. आता एवढ्या झटक्यात म्हणवत नाही. लेख लिहवून घेणारी आई आहे. मुलाने कुणाकुणाला मारलं हे तिला मिरवायचं आहे, आणि त्याच वेळी माझा मुलगा मारायला हपापलेला नव्हता हेही तिला दगडात कोरून हवं आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी ऐकणाऱ्याच्या मनात ‘पण मग त्या शत्रूंचं काय?’ असा प्रश्न येऊ शकतो, हे तिला माहीत होतं. तो येत नसता तर ते विशेषण लागलंच नसतं. टोचणीचा याहून जुना स्थानिक पुरावा माझ्याकडे नाही.

आणि मनमोडीचा अयम? जिंकल्यावर सातवाहनांनी नाणी नव्याने ठोकली. शत्रूच्या अमात्याचं नाव मात्र दगडात तसंच राहिलं. टाक्यातलं पाणी सगळेच पीत असावेत.

*

बीजीएमआयचं हिरवं रक्त मला या रांगेत ठेवावंसं वाटतं. ‘फिनिश’ हा शब्द आणि ‘निःशेष’ हा शब्द तर चुलतभाऊच दिसतात. सरकारला, पालकांना, कंपनीला वाटतं की लाल रंग काढला की हिंसा कमी होते. माझा अनुभव उलटा आहे. लाल रंगाने मला कधी काही केलं नाही, आवाजाने केलं. हिरव्या रंगाने उलट टोचायची शक्यता आणखी कमी होते. समोरचा माणूस झाडपाल्याचा होतो.

टोचावं म्हणूनच बनवलेले गेमही आहेत. ‘मेटल गिअर सॉलिड ३’ (२००४) मध्ये एका नदीतून चालत जावं लागतं आणि तोवर तुम्ही मारलेले सगळे समोरून येतात. ज्याने कमी मारले त्याची नदी मोकळी. ‘अंडरटेल’मध्ये (२०१५) कुणालाही न मारता शेवट गाठता येतो, आणि मारून, घाबरून, जुना सेव्ह लोड केला तरी गेम तुम्हाला आठवण करून देतो की तू काय केलं होतंस ते मला माहीत आहे. पोलंडमधला ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) साराजेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला. त्यात म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातून अन्न चोरलं तर तुमचंच माणूस पुढे दिवसेंदिवस खिन्न होऊन बसतं, कामाला उठत नाही. पोलंडने तो २०२० मध्ये शाळांच्या वाचनयादीत घेतला. यादीत पुस्तकांच्या शेजारी गेम! आमच्या सरांना सांगितलं तर ते चहा सांडतील.

हे गेम चांगले आहेत, पण खेळताना मला अशोकाचा दगडही आठवतो. वाईट वाटून घ्यायची सोय गेमवाल्याने आधीच करून ठेवलेली असते. आपण नदीतून चालतो, वाईट वाटतं, आणि आपण किती संवेदनशील आहोत म्हणून स्क्रीनशॉट टाकतो. तीही एक प्रकारची ट्रॉफी. पोचिंकीतल्या पोराचा माइक मात्र कुणी लिहून ठेवलेला नव्हता.

किल्ला उतरताना मी मित्राला हे सगळं सांगायचा प्रयत्न केला, नीट जमलं नाही. तो ऐकत होता. पहिल्या दरवाज्यापाशी म्हणाला, “तू लई विचार करतो. आमच्या आज्याला विचारलं ना, चौथऱ्याखाली कोण हाय, तर तो नावं सांगायचा. खरी का खोटी काय म्हायती. पण नावं सांगायचा.” थोडं थांबून म्हणाला, “रात्री एक मॅच?”

खेळलो. या वेळी तो टेपावर चढला नाही, आमच्या गच्चीवरच होता. शेवटच्या झोनमध्ये मी एकाला नॉक केलं. तो रांगत दगडामागे गेला. माइक बंद होता, काही ऐकू आलं नाही. मी बंदूक रोखून थांबलो. तीन, चार सेकंद. तेवढ्यात त्याचा साथीदार डावीकडून आला आणि माझं हिरवं रक्त उडालं. चुलतभावाने मला दिलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. मित्र मोबाइलवरची नजर न काढता फक्त म्हणाला, “थांबलास व्हय?”